दुभत्या गायीचा आहार कसा बांधावा: फीतपट्टीपासून शेणाच्या चाळणीपर्यंत

गव्हाण भरलेली दिसली की गाय पोसली जात आहे, असे आपण धरून चालतो. पंचवीस किलो हिरवा चारा रोज खाऊनही एखादी गाय दूध कमी करते, तिची माकडहाडे वर येऊ लागतात, ती वेळेवर माजावर येत नाही, आणि मग दोष कधी जातीला, कधी हवेला, तर कधी औषधाला दिला जातो. बहुतेक वेळा चूक त्याच्या कितीतरी आधी झालेली असते. चारा तोललेला नसतो, किंवा तोलला असला तरी त्यात पाणी किती आणि चारा किती हे कोणी पाहिलेले नसते.

या लेखात ४०० किलो वजनाच्या आणि दिवसाला ४ टक्के फॅटचे १० लिटर दूध देणाऱ्या एका गायीचा आहार आपण सुरुवातीपासून बांधणार आहोत. म्हैस, शेळी किंवा मेंढी यांचे आकडे वेगळे असतील, परंतु रीत हीच राहील. हाताशी मोजण्याची फीतपट्टी, एका ग्रॅमपर्यंत अचूक वजन दाखवणारा काटा, वही आणि पेन्सिल असली म्हणजे पुरे.

कोटीपोटातील कारभार

आकडेमोडीला बसण्यापूर्वी चारा नेमका कोण खाते हे ध्यानात घेतले पाहिजे. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाला कोटीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि खरे पोट असे चार कप्पे असतात. त्यांतील कोटीपोट सर्वांत मोठे असून वाढ झालेल्या गायीत त्यात शंभर लिटरहून अधिक ऐवज मावतो. या कप्प्यात गायीचा स्वतःचा एकही पाचकरस पाझरत नाही. तिथे सगळे काम सूक्ष्मजीवांचे चालते, आणि कोटीपोटातील द्रवाच्या एका मिलिलिटरमध्ये एक हजार कोटींहून अधिक जिवाणू असू शकतात. कडब्यातील सेल्युलोज फोडण्याचे सामर्थ्य गायीच्या स्वतःच्या पाचकरसांत नाही. ते या जिवाणूंत आहे. ते चारा आंबवतात आणि त्यातून ॲसेटिक, प्रोपिओनिक व ब्युटिरिक ही आम्ले तयार होतात. ती कोटीपोटाच्या भिंतीतूनच रक्तात शोषली जातात आणि गायीला लागणाऱ्या ऊर्जेचा सुमारे ७० टक्के भाग त्यांच्यातूनच येतो. ॲसेटिक आम्लापासून दुधातील फॅट बनते, तर प्रोपिओनिक आम्लापासून यकृतात ग्लुकोज आणि पुढे कासेत दुधातील साखर बनते. तंतुमय चारा कमी करून धान्य वाढवले की दूध थोडे वाढते आणि फॅट मात्र घसरते, त्याचे मूळ इथे आहे.

प्रथिनांचेही असेच आहे. पेंडीतील बरीचशी प्रथिने जिवाणू अमोनियापर्यंत फोडतात आणि त्या अमोनियापासून आपले शरीर उभारतात. हेच जिवाणू पुढे वाहत खऱ्या पोटात आणि आतड्यात जातात, तिथे पचतात, आणि गायीला मिळणाऱ्या प्रथिनांचा अर्ध्याहून मोठा वाटा त्यांचाच असतो. थोडक्यात, आपण चारतो ते जिवाणूंना, आणि गाय जगते ती जिवाणूंवर. पुढची प्रत्येक पायरी याच एका गोष्टीवर उभी आहे.

या जिवाणूंच्या दोन अटी आहेत. पहिली अशी की कोटीपोटाचा सामू (आम्लता दाखवणारा आकडा, म्हणजे pH; तो जितका कमी तितके आम्ल जास्त) साधारण ६ ते ७ च्या दरम्यान राहिला पाहिजे. तो सांभाळण्याचे काम गायीची लाळ करते. दिवसाकाठी शंभर लिटरहून अधिक लाळ सुटते आणि तिच्यात सोडा असतो. परंतु ही लाळ चघळण्याने सुटते, आणि चघळायला लांब तंतूचा चारा लागतो. दुसरी अट अशी की ज्या चाऱ्यावर जिवाणूंची वस्ती बसली आहे तो चारा एकाएकी बदलू नये, कारण नव्या चाऱ्याला योग्य अशी वस्ती वाढायला दोन ते तीन आठवडे जातात.

पहिली पायरी: गायीचे वजन

डोळ्यांच्या अंदाजावर विसंबू नये. शंभर किलोची चूक अगदी जाणत्या माणसाकडूनही होते. गाय सपाट जमिनीवर चारही पायांवर सारखी उभी करावी आणि पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर इंचांत मोजावा. नंतर खांद्याच्या पुढच्या टोकापासून शेपटीच्या बुडाजवळच्या माकडहाडापर्यंत लांबी घ्यावी. घेराला घेराने गुणावे, आलेल्या संख्येला लांबीने गुणावे आणि ६६० ने भागावे, म्हणजे वजन किलोत मिळते. घेर ६६ इंच आणि लांबी ६० इंच असेल, तर ६६ गुणिले ६६ गुणिले ६० भागिले ६६० म्हणजे ३९६ किलो. हीच आपली ४०० किलोची गाय. फीत ओढून घट्ट करू नये आणि केसांवर सैलही ठेवू नये. घेराचा वर्ग होत असल्यामुळे तिथली एक इंचाची चूक सुमारे १२ किलोंना पडते.

दुसरी पायरी: चाऱ्यातील शुष्क पदार्थ

चाऱ्यातील सगळे पाणी काढून टाकल्यावर जे उरते तो शुष्क पदार्थ. पोषण त्यातच असते, म्हणून आहाराचा हिशेब नेहमी शुष्क पदार्थावर करावा लागतो. हिरव्या चाऱ्यात तो साधारण १५ ते २५ टक्के असतो, चांगल्या मुरघासात (हवाबंद दाबून आंबवलेल्या हिरव्या चाऱ्यात) ३० ते ३५ टक्के, आणि कडबा, भुसा, पेंड, धान्य यांत सुमारे ९० टक्के. म्हणजे २० टक्के शुष्क पदार्थाचा २० किलो हिरवा मका घातला, तर गायीच्या पोटात चारा ४ किलो आणि पाणी १६ किलो गेले.

हा फरक किती महागात पडतो ते पाहा. तोच मका कोवळा कापला किंवा पावसात भिजून आला आणि शुष्क पदार्थ १५ टक्क्यांवर उतरला, तर २० किलोंमधून ३ किलोच मिळतात. भारा तेवढाच, गव्हाण तेवढीच भरलेली, पण एक किलो शुष्क पदार्थ गेला. त्याबरोबर सुमारे ६०० ग्रॅम पचनीय घटक, म्हणजे चाऱ्यातील पचून ऊर्जा देणारा भाग, गेले, आणि तेवढ्या ऊर्जेवर जवळजवळ दोन लिटर दूध निघते. पावसाळा सुरू झाला की भरपूर हिरवा चारा असूनही दूध का घटते, या कोड्याचे उत्तर पुष्कळदा एवढेच असते.

घरी मोजायचे असेल तर कुट्टी केलेला चारा नीट मिसळून त्यातील १०० ग्रॅम घ्यावा. मायक्रोवेव्हमध्ये ताटलीत पसरून बाजूला पाण्याचा एक पेला ठेवावा, म्हणजे चारा पेटत नाही. आधी दोन-तीन मिनिटे आणि नंतर अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने तापवत प्रत्येक वेळी वजन करावे. वजन उतरायचे थांबले की उरलेले ग्रॅम हीच शुष्क पदार्थाची टक्केवारी. चारा काळवंडला तर तो नमुना टाकून द्यावा. नुसते उन्हात वाळवले तर दहा-बारा टक्के ओल राहून जाते, तेव्हा तेवढी वजावट धरावी.

गाय दिवसाला आपल्या वजनाच्या २.५ ते ३ टक्के शुष्क पदार्थ खाऊ शकते. भरपूर दूध देणाऱ्या गायी त्याहून थोडे जास्त खातात. आपल्या गायीची मर्यादा ३ टक्क्यांनी १२ किलो धरू. जे काही बसवायचे ते या १२ किलोंत बसले पाहिजे.

तिसरी पायरी: गायीची गरज

गरजेचे दोन भाग पडतात. एक निर्वाहाचा, म्हणजे दूध न देताही शरीर जसे आहे तसे राखण्यासाठी लागणारा, आणि दुसरा दुधाचा. ऊर्जा मोजण्यासाठी एकूण पचनीय घटक हे माप वापरणे सोपे जाते. ४०० किलोच्या गायीला निर्वाहासाठी सुमारे ३.१३ किलो पचनीय घटक, ३१८ ग्रॅम प्रथिने, १६ ग्रॅम कॅल्शियम आणि ११ ग्रॅम फॉस्फरस लागतो. ४ टक्के फॅटच्या प्रत्येक किलो दुधामागे ३२२ ग्रॅम पचनीय घटक, ९० ग्रॅम प्रथिने, ३.२ ग्रॅम कॅल्शियम आणि सुमारे २ ग्रॅम फॉस्फरस वाढवावा लागतो. दहा लिटरांसाठी (लिटर आणि किलो इथे सारखेच धरू) बेरीज केली की ६.३५ किलो पचनीय घटक, १,२१८ ग्रॅम प्रथिने, ४८ ग्रॅम कॅल्शियम आणि ३१ ग्रॅम फॉस्फरस एवढी रोजची गरज ठरते.

दुधाचे फॅट वेगळे असेल तर ते आधी ४ टक्क्यांच्या मापात आणावे. दुधाच्या किलोंना ०.४ ने गुणावे, दुधातील एकूण फॅटच्या किलोंना १५ ने गुणावे आणि दोन्ही मिळवावे. ७ टक्के फॅटचे १० किलो म्हशीचे दूध या हिशेबाने ४ अधिक १०.५ म्हणजे १४.५ किलोंच्या बरोबरीचे होते. म्हशीला 'दहाच लिटर तर देते' म्हणून गायीएवढाच खुराक (धान्य, कोंडा आणि पेंड यांचे मिश्रण) घालणारे कुठे चुकतात ते यावरून कळावे. पहिल्या वेताची गाय स्वतःही वाढत असते, म्हणून तिच्या निर्वाहाच्या गरजेत २० टक्के आणि दुसऱ्या वेताला १० टक्के भर घालावी.

चौथी पायरी: आधी वैरण, मग खुराक

पुष्कळ जण खुराकापासून सुरुवात करतात, आणि ही उलटी रीत आहे. आधी घरी असलेली वैरण मांडावी, तिच्यातून काय मिळते ते पाहावे आणि उरलेली तूट तेवढी खुराकाने भरावी.

समजा आपल्याकडे हिरवा मका, लसूणघास आणि ज्वारीचा कडबा आहे. २० किलो मक्यातून ४ किलो शुष्क पदार्थ येतो. त्यात ८ टक्के प्रथिने धरली तर ३२० ग्रॅम आणि ६२ टक्के पचनीय घटक धरले तर २.४८ किलो मिळतात. ५ किलो लसूणघासातून १ किलो शुष्क पदार्थ, २०० ग्रॅम प्रथिने आणि ०.६ किलो पचनीय घटक येतात. साडेतीन किलो कडब्यातून ३.१५ किलो शुष्क पदार्थ येतो, पण त्यात प्रथिने साडेतीन टक्के म्हणजे जेमतेम ११० ग्रॅम आणि पचनीय घटक निम्मे म्हणजे १.५७ किलो. सगळी वैरण मिळून शुष्क पदार्थ ८.१५ किलो, प्रथिने ६३० ग्रॅम आणि पचनीय घटक ४.६५ किलो झाले.

आता तूट काढू. पचनीय घटकांत १.७ किलो आणि प्रथिनांत ५८८ ग्रॅम कमी पडतात. २० टक्के प्रथिने आणि ७० टक्के पचनीय घटक असलेला खुराक घेतला, तर ऊर्जेची तूट भरायला २.४ किलो पुरतात, परंतु प्रथिनांची तूट भरायला २.९४ किलो लागतात. दोहोंपैकी मोठा आकडा घ्यायचा, म्हणजे ३ किलो. या खुराकाचा शुष्क पदार्थ २.७ किलो धरून एकूण १०.८५ किलो होतो आणि तो १२ किलोंच्या मर्यादेत बसतो. वैरण आणि खुराक यांचे प्रमाणही ७५ ला २५ असे निर्धास्त आहे. वैरणीचा वाटा ५० टक्क्यांच्या खाली जाऊ लागला की सावध व्हावे, आणि शक्यतो तो ६० टक्क्यांच्या वरच ठेवावा.

'दर अडीच लिटरला एक किलो खुराक' यासारखा ठोकताळा सगळीकडे चालतो, पण तो निर्वाह वैरणीतून भागतो असे गृहीत धरतो. आपल्या गायीच्या बाबतीत हे खरे आहे. तिच्या वैरणीतून निर्वाह भागून आणखी साडेतीन लिटर दुधापुरती प्रथिने उरतात. पण हिरवा चारा संपला आणि गाय नुसत्या ७ किलो कडब्यावर आली, तर तिला त्यातून मिळतात २२० ग्रॅम प्रथिने, आणि निर्वाहालाच लागतात ३१८. शिवाय एकूण आहारातील प्रथिने ७ टक्क्यांच्या खाली गेली की जिवाणूंचीच उपासमार होते, कडब्याचे पचन मंदावते, पोट लवकर रिकामे होत नाही आणि गाय आणखी कमी खाते. गव्हाणीत कडबा उरलेला पाहून 'हिला भूकच नाही' असे म्हणणाऱ्याने त्या गायीला आधी एक किलो पेंड घालून पाहावी.

पाचवी पायरी: खुराक घरी तयार करणे

शंभर किलो खुराकासाठी भरडलेला मका ३८ किलो, गव्हाचा कोंडा ३० किलो, सोयाबीन पेंड १५ किलो, सोललेल्या सरकीची पेंड १४ किलो, खनिज मिश्रण २ किलो आणि मीठ १ किलो घ्यावे. यात प्रथिने सुमारे २० टक्के येतात. धान्य पिठासारखे बारीक दळू नये; ते फार वेगाने आंबते. अख्खे ठेवले तर शेणातून तसेच बाहेर पडते. भरडा हा मधला मार्ग.

घटक बदलायचे झाले तर तिरक्या वजाबाकीची रीत उपयोगी पडते. ४० टक्के प्रथिनांची पेंड आणि ९ टक्क्यांचा मका मिसळून २० टक्के हवे आहेत. ४० मधून २० वजा केले की २० उरतात, तेवढे भाग मक्याचे. २० मधून ९ वजा केले की ११ उरतात, तेवढे भाग पेंडीचे. पेंड विकत घेताना पोत्याचा भाव पाहू नये, तर त्या पोत्यात प्रथिने किती किलो आहेत ते काढून प्रत्येक किलो प्रथिनामागे काय पडते ते पाहावे. स्वस्त दिसणारी पेंड या हिशेबात पुष्कळदा महाग निघते.

खुराक डब्याने मोजून घालण्याची सवय मात्र मोडावी. दोन लिटरचा तोच डबा कोंड्याने भरला तर जेमतेम अर्धा किलो होतो आणि भरडलेल्या मक्याने भरला तर सव्वा किलोच्या वर जातो. मिश्रण बदलले की डबा पुन्हा एकदा काट्यावर ठेवून त्यावर खूण करावी.

बुरशी लागलेली, वास मारणारी किंवा गोळे झालेली पेंड कितीही थोडी असली तरी घालू नये. बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे विष गायीच्या यकृताला बाधते आणि त्याचे बदललेले रूप दुधातही उतरते.

खनिजे, मीठ आणि पाणी

तीन किलो खुराकातून गायीला ६० ग्रॅम खनिज मिश्रण आणि ३० ग्रॅम मीठ मिळते. दहा लिटर दुधाबरोबर सुमारे १२ ग्रॅम कॅल्शियम शरीराबाहेर जाते आणि खाल्लेल्या कॅल्शियमचा काही भागच शोषला जातो, म्हणून गरजेचा आकडा त्याहून बराच मोठा दिसतो. कोबाल्टसारखे खनिज अत्यल्प लागते, पण ते नसेल तर जिवाणूंना बी-१२ जीवनसत्त्व बनवता येत नाही. गायीसाठी केलेले खनिज मिश्रण मेंढ्यांना घालू नये. त्यातील तांबे मेंढीच्या यकृतात साठत जाते आणि एक दिवस ती अचानक दगावते.

दुधात ८७ टक्के पाणी असते. दर किलो शुष्क पदार्थामागे साधारण ४ लिटर पाणी लागते, आणि उन्हाळ्यात त्याहूनही जास्त. दिवसातून दोनदा बादली दाखवण्यापेक्षा पाणी सतत समोर असावे. हौद इतका स्वच्छ असावा की त्याच पाण्याने आपल्याला चूळ भरता येईल.

वैरण घालण्याची रीत

दिवसाची वैरण तीन-चार वेळा विभागून घालावी आणि कडब्याची कुट्टी दोन-तीन सेंटिमीटरची ठेवावी. त्याहून बारीक केली तर चघळणे कमी होते, लाळ कमी सुटते आणि कोटीपोट आंबट होते; अख्खा कडबा घातला तर गाय पाला ओढून घेते आणि ताटे पायाखाली जातात. सकाळी रिकाम्या पोटी आधी थोडी वैरण आणि मग खुराक, हा क्रम पाळावा. एका वेळेस दोन किलोंहून अधिक खुराक घालू नये. सर्वांत उत्तम म्हणजे कुट्टी, हिरवा चारा आणि खुराक एकत्र मिसळून घालणे, म्हणजे गाय निवडून खात नाही. पुढच्या वेळेपर्यंत गव्हाणीत पाच टक्क्यांच्या आसपास चारा उरलेला असावा. चाटून पुसून साफ झालेली गव्हाण ही गाय उपाशी राहिल्याची खूण आहे.

कोणताही बदल सात ते दहा दिवसांत टप्प्याटप्प्याने करावा, आणि खुराक वाढवताना तर त्याहूनही सावकाश, रोज पाव किलोच्या आसपास. कडब्यावरची गाय एका दिवसात कोवळ्या चाऱ्यावर नेली की तिचे शेण पातळ होते, त्यात चाऱ्याचा काही दोष नसतो.

निकृष्ट भुसा किंवा पेंढा हाच आधार असेल तर त्यावर युरियाची प्रक्रिया करता येते. १०० किलो वाळलेल्या भुशाला ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडावा, प्रत्येक थर तुडवून दाबावा आणि प्लास्टिकने हवाबंद करून २१ दिवस ठेवावा. प्रथिने साडेतीन-चार टक्क्यांवरून सात-आठ टक्क्यांवर जातात आणि तंतू मऊ पडतात. काढल्यावर तासभर उघड्यावर पसरून अमोनियाचा वास जाऊ द्यावा. सहा महिन्यांखालील वासरांना आणि घोड्यांना हा चारा घालू नये. युरियाचे पाणी किंवा खडे जनावराच्या तोंडी लागणार नाहीत याची काळजी घ्यावी, कारण ती विषबाधा अर्ध्या-एक तासात जीव घेऊ शकते.

मुरघास करायचा असेल तर मक्याचे दाणे चिकाच्या पुढे जाऊन घट्ट होऊ लागले की कापावा. मूठभर कुट्टी दाबली असता हाताला ओल लागावी, पण पाणी ठिबकू नये. बाकी सगळे दाबण्यावर आहे. जिथे हवा राहिली तिथे बुरशी आली.

धोका कुठे असतो

दावे सुटून रात्री धान्याच्या पोत्यात तोंड घातलेली गाय सकाळी बहुधा ठीक दिसते, आणि म्हणूनच ती हातची जाते. धान्यातील स्टार्च झपाट्याने आंबते, लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू बाकीच्यांवर मात करतात, सामू ५ च्या खाली उतरतो आणि शरीरातील पाणी कोटीपोटात ओढले जाते. दुपारपर्यंत गाय रवंथ बंद करते, दात खाते, झोकांड्या देते आणि शेण आंबट वासाचे, पातळ, फेसाळ होते. किती खाल्ले याचा अंदाज घेऊन लक्षणे दिसण्याची वाट न पाहता पशुवैद्यकाला बोलवावे. मधल्या वेळात तिला आणखी धान्य मिळणार नाही असे पाहावे आणि समोर वाळलेली वैरण ठेवावी. याच रोगाचे सौम्य रूप मात्र रोज जास्त खुराक खाणाऱ्या गायींत महिनोन्‌महिने चालू राहते, आणि ते फॅट घसरणे व पुढे खुरे दुखणे एवढ्यावरूनच कळते.

ओल्या, कोवळ्या लसूणघासावर भुकेली गाय सोडली तर फेसाची पोटफुगी होते आणि डावी कूस नगाऱ्यासारखी ताणते. अशा चाऱ्याआधी कुट्टी घालावी आणि दव वाळू द्यावे. फुलोऱ्यापूर्वीची, पावसाच्या ताणाने खुरटलेली ज्वारी चारू नये. तिच्यात हायड्रोसायनिक आम्ल तयार होते आणि जनावर मिनिटांत कोसळते.

विण्याच्या आगेमागे

विण्यापूर्वी साठ दिवस गाय आटवावी. या काळात निर्वाहाच्या गरजेवर सुमारे ३० टक्के ऊर्जा अधिक लागते, पण तिला लठ्ठ करू नये. विताना अंगकाठी पाचपैकी ३ ते ३.५ गुणांची असावी, म्हणजे शेवटच्या बरगड्या दिसत नाहीत, पण तळहाताने दाबल्यावर बोटांना लागतात. शेवटच्या तीन आठवड्यांत खुराक हळूहळू सुरू करावा, म्हणजे विल्यानंतर लागणारी जिवाणूंची वस्ती आधीच तयार असते. याच आठवड्यांत 'आता दूध देणार' म्हणून कॅल्शियम वाढवण्याची चूक सर्रास होते. भरपूर कॅल्शियम मिळत राहिले की हाडांतून कॅल्शियम काढण्याची शरीराची यंत्रणा सुस्तावते, आणि विल्याबरोबर चिकातून एकदम ओढ बसली की गाय दुग्धज्वराने बसते. कान थंड पडतात आणि मान कुशीकडे वळते. त्यासाठीचे कॅल्शियमचे इंजेक्शन शिरेतून अतिशय सावकाश द्यावे लागते, कारण घाई झाली तर हृदय थांबू शकते. ते पशुवैद्यकाचेच काम आहे.

विल्यानंतर दूध सहा ते आठ आठवड्यांत शिगेला पोचते, पण खाण्याची क्षमता दहा-बारा आठवड्यांनी. मधले दिवस गाय अंगावरची चरबी जाळून काढते. या काळात सर्वांत चांगली, पानांनी भरलेली वैरण तिच्यापुढे ठेवावी. गोठ्यात चांगला चारा थोडाच असेल तर तो इतर कोणाला न घालता ताज्या विलेल्या गायीसाठी राखावा. ऊर्जा वाढवण्यासाठी साधे तेल ओतू नये, ते तंतूंवर थर धरते आणि जिवाणूंना मारक ठरते.

वासराला पहिल्या तासाभरात चीक मिळावा आणि पहिल्या दिवसाअखेर मिळून तो त्याच्या वजनाच्या दहा टक्के तरी पोटात जावा. चोवीस तासांनंतर चिकातील रोगप्रतिकारक प्रथिने आतड्यातून शोषली जात नाहीत. दूध कोटीपोट टाळून थेट खऱ्या पोटात जाते, त्यामुळे नुसत्या दुधावर कोटीपोट वाढत नाही. पहिल्या आठवड्यापासून चिमूटभर भरडा आणि स्वच्छ पाणी समोर ठेवावे.

शेवटची पायरी: गायीला विचारणे

कागदावरचा आहार बरोबर आहे की नाही ते गाय सांगते. गाई निवांत बसल्या असताना गोठ्यात जाऊन पाहावे. बसलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक रवंथ करताना दिसल्या पाहिजेत. एकीच्या घशातून गोळा वर आल्यापासून तो गिळेपर्यंत चावे मोजावेत. ५० ते ७० असतील तर तंतू पुरेसा आहे, ४० च्या आत असतील तर कुट्टी फार बारीक आहे किंवा खुराक जास्त आहे. डाव्या कुशीच्या खळगीत मूठ दाबून धरली की दोन मिनिटांत साधारण तीन वेळा कोटीपोटाची लाट मुठीला वर उचलते.

मग शेण पाहावे. तीन-चार सेंटिमीटर उंचीचा, मधे किंचित खळगी पडलेला पो चांगला. पसरट आणि पातळ पडले तर प्रथिने किंवा धान्य जास्त झाले. कडांना रेघा पडलेला घट्ट ढीग झाला तर प्रथिने किंवा पाणी कमी पडले. मूठभर शेण पीठ चाळण्याच्या जाड चाळणीत घेऊन नळाखाली हलके धुवावे. हिरवे पाणी निघून गेल्यावर चाळणीत मक्याचे पिवळे तुकडे चमकताना दिसले, तर तेवढा मका वाया गेला. बोटाच्या पेराएवढ्या काड्या राहिल्या असतील तर चारा कोटीपोटात पुरेसा वेळ थांबलेला नाही.

दूध, फॅट आणि शेण हे तिन्ही वहीत रोज एका ओळीत लिहावे आणि आहारात एका वेळी एकच गोष्ट बदलावी. खुराक अर्धा किलो वाढवला तर दोन आठवडे थांबावे. दूध एक लिटरच्या जवळपास वाढले तर ऊर्जा खरोखर कमी पडत होती, आणि दूध जागच्या जागी राहून शेण पातळ झाले तर तो अर्धा किलो काढून घ्यावा आणि त्याऐवजी लसूणघास दोन किलो वाढवून पुन्हा दोन आठवडे वही लिहावी.